रात्रपाळीचे शेजारी

शेवटची कर्जत लोकल बदलापूर सोडून पुढे गेली. रिक्षा स्टँड ओस पडला. वडापावच्या गाडीवरची कढई कधीच उतरली. घरातला शेवटचा दिवाही बंद झाला. संपला दिवस?

छे छे! आपल्या अर्ध्या शेजाऱ्यांचा दिवस तर आत्ता कुठे सुरू झालाय!

अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळी असते, हे तुला ठाऊक असेलच. शेजारचे एखादे काका रात्री डबा घेऊन निघतात, आणि सकाळी तुझी शाळेची रिक्षा येते तेव्हा जांभया देत परततात. प्राण्यांच्या दुनियेतही अशीच रात्रपाळी असते. दिवसपाळीला कावळे, साळुंक्या, खारी, फुलपाखरं. अंधार पडला की ही मंडळी घरी, आणि दुसरी टोळी कामावर हजर! गंमत म्हणजे यातल्या कितीतरी जणांचा रस्ता तुझ्या खिडकीवरून, गच्चीवरून आणि कुंपणावरून जातो.

आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथे रात्रीचे प्राणी बघायला लोक खूप पैसे मोजून सफारी लॉजमध्ये उतरतात. ‘ट्रीटॉप्स’ नावाचं असंच एक लॉज १९३२ साली चक्क एका झाडावर बांधलं होतं! समोर पाणवठा. पाहुणे वर बसायचे, आणि खाली हत्ती-गेंडे पाणी प्यायला यायचे. १९५२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला होती. नेमके त्याच रात्री तिकडे इंग्लंडमध्ये तिचे वडील वारले. म्हणजे ती झाडावर होती तेव्हाच इंग्लंडची राणी झाली होती, आणि तिला पत्ताच नव्हता!

मग आता केनियाचं तिकीट काढायचं? मुळीच नाही! जरा आपल्याच गावांचा नकाशा डोळ्यांसमोर आण. बदलापूरच्या एका अंगाला मलंगगड, चंदेरी आणि थेट माथेरानपर्यंत गेलेली डोंगररांग. दुसऱ्या अंगाला उल्हास नदी, आणि नदीपलीकडे बारवी धरणाभोवतीचं जंगल. मधल्या पट्टीत आपण. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. इतकं झकास लॉज आपल्याला फुकटात मिळालंय!

चल तर मग. पहिला पाहुणा कुठे भेटेल, ओळख बघू!

जंगलात नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, ट्यूबलाइटच्या मागे. बरोबर, पाल!

“ई, पाल!” असं म्हणू नकोस हं. आधी तिच्याकडे नीट बघ. काचेच्या बाहेरच्या बाजूने चढलेली पाल तर फारच उत्तम, कारण तिचे तळवे आतून दिसतात. प्रत्येक बोटाखाली आडव्या पट्ट्या दिसतील. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे हजारो बारीक केस असतात, आणि प्रत्येक केसाचं टोक आणखी फाटलेलं असतं. ही टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की भिंत आणि पाय एकमेकांना किंचित ओढून धरतात. एका केसाची ओढ अगदी नगण्य. पण हजारो केसांची मिळून? पाल छतावरून उलटी धावते! ना गोंद, ना चिकटपट्टी.

आणि आता ऐक. पालीला आपल्यासारख्या उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यांत धूळ गेली तर ती काय करते? जीभ बाहेर काढते आणि स्वतःचा डोळा चाटून पुसते! खोटं वाटतं ना? आज रात्री पाच मिनिटं शांत उभं राहून बघ.

पाल दिव्यापाशी का बसते, ते सोपं आहे. तिथे किडे येतात. पण किडे दिव्यापाशी का येतात? हे कोडं माणसाला फार जुन्या काळापासून पडलं होतं. कुणी म्हणे त्यांना दिवा म्हणजे चंद्र वाटतो, कुणी म्हणे त्यांना ऊब हवी असते. २०२४ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी एक नवं उत्तर छापलं. त्यांनी उडणाऱ्या किड्यांचं अतिवेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण केलं होतं. काय दिसलं असेल?

किडे दिव्याकडे झेपावतच नव्हते! ते दिव्याकडे पाठ करत होते.

असं का? कारण रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा थोडं उजळ असतं. म्हणून किड्याचा एक साधा नियम ठरलेला असतो: उजेड पाठीवर ठेवायचा. तेवढं केलं की वर कुठे आणि खाली कुठे हे आपोआप कळतं. लाखो वर्षं हा नियम कधी चुकला नाही. मग आपण भिंतीवर ट्यूबलाइट लावली! आता उजेड बाजूला. बिचारा किडा पाठ उजेडाकडे करायला वळतो, पुन्हा वळतो, पुन्हा वळतो, आणि गोल गोल फिरत अडकून पडतो. त्याला दिवा आवडतो म्हणून नाही, तर त्याला वर कुठे आहे तेच कळेनासं होतं. मला हे कळलं तेव्हापासून गॅलरीतला दिवा विनाकारण चालू ठेववत नाही.

आता एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घे, पायात बूट घाल आणि सोसायटीच्या बागेत चल. हातात टॉर्च हवा. पण टॉर्च नेहमीसारखा खाली धरायचा नाही. कानशिलाजवळ, अगदी डोळ्यांच्या रेषेत धर. आता समोरच्या गवतावर उजेड टाक.

दिसले? गवतात हिरवट-पांढरे ठिपके लुकलुकतात! दवबिंदू वाटतील, पण जवळ जा. एक ठिपका पळेल! तो दवबिंदू नाहीच. तो कोळ्याचा डोळा आहे! जाळं न विणता जमिनीवर धावून शिकार करणारे कोळी असतात, त्यांचे डोळे असे चमकतात. एका छोट्याशा हिरवळीवर इतके डोळे आपल्याकडे बघत असतात, हे कळल्यावर आधी अंगावर काटा येतो आणि मग भारी मजा वाटते.

मांजराचे डोळे असेच चमकतात. बिबट्याचे चमकतात. गाईचेही चमकतात. आपले मात्र नाही. का बरं?

गल्लीतलं क्रिकेट आठव. स्टंपमागे विकेटकीपर आहे आणि त्याच्या मागे भिंत. चेंडू विकेटकीपरच्या हातून सुटला, तरी भिंतीवर आपटून परत त्याच्याकडेच येतो. म्हणजे झेलायची दुसरी संधी! रात्रपाळीच्या पुष्कळ प्राण्यांच्या डोळ्यांत अशी भिंत असते. डोळ्याच्या आत पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो. अंधारातला उजेड आधीच तुटपुंजा. त्यातला जो पडद्याकडून सुटला तो या थरावर आपटून परत येतो आणि पडद्याला तो पकडायची आणखी एक संधी मिळते. दोन्ही वेळा सुटलेला उजेड मग डोळ्याबाहेर पडतो. तीच ती चमक!

आपल्या डोळ्यात भिंत नाही. चेंडू सुटला की गेला. म्हणून आपण अंधारात टेबलाला पाय आपटून घेतो, आणि मांजर त्याच अंधारात टेबलाखालून सुळकन निघून जातं.

आणि टॉर्च कानशिलाशीच का धरायचा? कारण परत येणारा उजेड आल्या वाटेनेच परततो. टॉर्च पोटाशी धरला तर ती चमक तुझ्या पोटाला दिसेल, डोळ्यांना नाही!

पुढच्या पाहुण्याच्या फक्त खुणा सांगते. ओळखायचं तुझं काम.

रात्री कौलांवर किंवा पत्र्यावर धडधड धावतो. पावसाच्या पाण्याच्या पाइपवरून सरसर चढतो. अंग मांजराएवढं, पण लांबोडकं. तोंड टोकदार. डोळ्यांभोवती काळा मुखवटा, जणू सिनेमातला चोर! शेपूट अंगाइतकीच लांब. सकाळी तो दिसत नाही, पण कंपाउंडच्या भिंतीवर त्याची निशाणी सापडते.

हरलास की हरलीस? तो आहे कांडेचोर! उदमांजर असंही म्हणतात. नावात मांजर असलं तरी तो मांजर नाही, त्याचं कुटुंबच वेगळं. काही ठिकाणी त्याला मसण्याऊद म्हणतात आणि उगाच टरकतात. खरं तर हा पठ्ठ्या मुख्यतः फळं खातो! आंबे, पेरू, पपया, उंबरं, जांभळं. अधूनमधून उंदीर आणि किडे. ताडी काढायला झाडाला मडकं बांधलेलं असतं ना, त्यातला गोड रसही तो चोरून पितो!

आता त्या भिंतीवरच्या निशाणीकडे येऊ. निशाणी म्हणजे शी! नाक मुरडू नकोस, कारण गोष्ट इथेच रंगते. काडीने जरा उकलून बघ, हात लावायचा नाही. आत नुसत्या बिया! धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ, अख्ख्या, एकही न फुटलेली. कांडेचोर गर पचवतो आणि बी तशीच बाहेर टाकतो. पण कुठे? फळ खाल्लं त्या झाडापासून खूप दूर! कधी डोंगराच्या कडेला, कधी नाल्याकाठी. पाऊस पडतो आणि बी रुजते.

बदलापूरचं जांभूळ माहीत आहे ना? त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे या मातीतलं जांभूळ खास आहे, असं सरकारी शिक्कामोर्तब! जूनच्या आसपास टोपलीत भरलेली ती काळीभोर जांभळं खाताना एक विचार कर. रानातल्या जांभळाच्या कितीतरी झाडांची बी कुणी पेरली असेल? खड्डा न खणता, पगार न घेता, रात्रीतून! कांडेचोराने, वटवाघळाने आणि पाखरांनी.

आणखी एक ऐक, पण जेवताना कुणाला सांगू नकोस. इंडोनेशियात याच कांडेचोराच्या शीमधून कॉफीच्या बिया वेचतात, धुतात, भाजतात आणि त्याची कॉफी करतात. ती जगातल्या सर्वांत महाग कॉफींपैकी एक! दुःखाची गोष्ट एवढीच की त्या हव्यासापायी कांडेचोरांना पिंजऱ्यात कोंडून नुसत्या कॉफीची फळं चारतात. आपला बदलापूरचा कांडेचोर बरा. स्वतःच्या मर्जीने फिरतो, स्वतःच्या आवडीचं खातो.

वटवाघळाचं नाव निघालंच आहे, तर वर बघ. रस्त्यावरच्या दिव्याभोवती काहीतरी काळं भिरभिरतंय, मध्येच झटकन वळतंय. ते छोटं वटवाघूळ. ते तोंडाने सतत ओरडत असतं, पण आपल्याला काहीच ऐकू येत नाही! आपले कान एका सेकंदात वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकतात. त्याचा आवाज त्याच्याही वरचा. तो आवाज किड्यावर आपटून परत येतो आणि वटवाघळाला कळतं की किडा कुठे आहे, केवढा आहे, कुठे निघालाय. मोठी, कोल्ह्यासारख्या तोंडाची वटवाघळं मात्र असं करत नाहीत. त्यांना फळं हुडकायची असतात, आणि फळं काही पळून जात नाहीत. त्यांचे टपोरे डोळे आणि तिखट नाक पुरेसं आहे.

त्याच दिव्याच्या खांबावर पिंगळा बसला असेल. वितीएवढं गोलमटोल घुबड, अंगभर पांढरे ठिपके. तुझ्याकडे बघून मान वरखाली करेल, नमस्कार केल्यासारखी. ते अंतर जोखतं बरं का! त्याचा मोठा भाऊबंद म्हणजे गव्हाणी घुबड, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो! उंदराची खसखस एका कानाला किंचित आधी आणि किंचित मोठी ऐकू येते. तेवढ्या फरकावरून ते गडद काळोखातही उंदीर अचूक उचलतं. पंखांच्या पिसांना पुढे दातेरी झालर असते, म्हणून उडताना आवाजही होत नाही. उंदीर अख्खा गिळतं आणि नंतर हाडं-केसांची गोळी ओकून टाकतं. इतके उंदीर खाऊन आपलं धान्य वाचवणाऱ्या पाखराला काही लोक अपशकुनी म्हणतात! तू म्हणू नकोस.

मेअखेर ते पहिला पाऊस, या दिवसांत आणखी एक पाहुणा येतो. तो सह्याद्रीत ठिकठिकाणी येतो, पण वस्तीतल्या झगमगाटात सापडायचा नाही. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे खरा अंधार शिल्लक आहे, तिथे जावं लागतं. काजवा!

जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब आठवतो? पेटल्यावर हात लावला तर चटका बसतो. कारण त्यातली बरीचशी वीज उजेड न होता उष्णता होऊन वाया जाते. काजव्याचा दिवा मात्र गारेगार! त्याच्या पोटात एक रसायन असतं. त्याला हवेतला प्राणवायू मिळाला की ते चमकतं, आणि उष्णता जवळजवळ होतच नाही. काजवा प्राणवायूची ये-जा चालू-बंद करतो आणि दिवा लुकलुकतो.

हा दिवा तो रस्ता बघायला लावत नाही. ते बोलणं आहे! उडणारा नर उजेडाने विचारतो, “कुणी आहे का?” झुडपावर बसलेली मादी उजेडानेच उत्तर देते, “मी इथे आहे!” आता सांग, शेजारी भलामोठा हॅलोजन लावला तर? गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजत असताना तू मित्राच्या कानात गुपित सांगशील का? तसंच. एकमेकांचं बोलणं त्यांना दिसतच नाही. पुढच्या वर्षी तिथे काजवे कमी.

आणि आता श्वास रोखून धर. बिबट्या!

होय, बिबट्या आपल्याकडे आहे. २०१९ च्या जानेवारीत एक बिबट्या उल्हासनगरच्या भरवस्तीत आला होता. वनखात्याने त्याला बेशुद्ध करून सुखरूप बाहेर काढलं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एक कल्याण पूर्वेच्या चिंचपाड्यात थेट इमारतीत शिरला. तोही पकडला गेला. अशा बातम्या मोठ्या होतात. पण ज्या रात्री बिबट्या आपल्याजवळून गेला आणि कुणाला कळलंच नाही, त्या रात्रीची बातमी कधीच होत नाही. अशा रात्री कितीतरी जास्त!

कारण बिबट्यासारखा लाजाळू प्राणी शोधून सापडायचा नाही. त्याला आपली गाठ नकोच असते. त्याला हवं असतं डुक्कर, ससा, भेकर, आणि वस्तीजवळ आला तर भटका कुत्रा. गावाबाहेर कचरा साठला की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. त्याला वस्तीपासून लांब ठेवायचा सर्वांत साधा उपाय म्हणजे कचरा वेळेवर उचलणं!

बारवीच्या रस्त्याकडेला किंवा कोंडेश्वरच्या वाटेवर ओल्या मातीत एखादा पंजा उमटलेला दिसला, तर तो कुत्र्याचा की बिबट्याचा हे कसं ओळखायचं? खाली बस आणि बोटांच्या पुढे बघ. कुत्र्याच्या प्रत्येक बोटापुढे नखाचं टोक उमटतं. बिबट्याच्या नाही! तो चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणजे ती झिजत नाहीत. मग मागची मोठी गादी बघ. बिबट्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन गोलसर उंचवटे दिसतात. ठसा सापडला तर फोटो काढ आणि आल्या वाटेने परत फीर.

आता तुला एका आजोबांची गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातला सर्वांत थोर प्रवासी तोच!

२००९ साली अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढलं. तो इतका शांत, इतका समजूतदार होता की त्याचं नावच पडलं ‘आजोबा’. विद्या अत्रेय या बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांनी आणि वनखात्याने आजोबाच्या गळ्यात एक पट्टा बांधला. तो पट्टा उपग्रहाच्या मदतीने सांगायचा, “आता मी इथे आहे!” मग आजोबाला माळशेज घाटात सोडून दिलं. माळशेज म्हणजे आपला मुरबाड तालुका, बदलापूरचा शेजार!

सगळ्यांना वाटलं, तिथे छान जंगल आहे, राहील तिथेच.

आजोबा चालू लागला. रात्री चालायचं, दिवसा झुडपात झोपायचं. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला. शेतं, पाडे, गावं ओलांडली. शेवटी समोर आली वसईची खाडी, म्हणजे आपल्या उल्हास नदीचंच समुद्राला मिळणारं तोंड. बदलापूरच्या पुलाखालून जाणारं पाणी शेवटी तिथेच पोहोचतं. आजोबाने काय केलं असेल?

पोहून गेला! आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात शिरला.

सुमारे १२० किलोमीटर! महिन्याभराच्या आत! आणि या अख्ख्या प्रवासात त्याने एकाही माणसाला ओरखडा काढला नाही. वाटेत हजारो माणसं झोपली होती. कुणाला चाहूलही लागली नाही. गळ्यात पट्टा नसता तर ही गोष्ट आज कुणालाच ठाऊक नसती. २०११ मध्ये रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसून आजोबा गेला. अंगातल्या छोट्या चिपमुळे तो आजोबाच आहे हे ओळखता आलं. २०१४ मध्ये त्याच्यावर ‘आजोबा’ नावाचा मराठी सिनेमाही आला. रात्री चालणाऱ्या प्राण्याला सर्वांत मोठा धोका कुणाचा, हे आजोबाच्या शेवटावरून कळतं. अंधाराचा नाही. भरधाव गाड्यांचा.

डोंगरातल्या माणसांना मात्र हा शेजारी जुना ओळखीचा. ठाणे-पालघरच्या वारली, महादेव कोळी, ठाकर पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरलेला, शेंदूर लावलेला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते तेव्हा त्याची पूजा होते. “तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या,” असा तो करारच!

हे सगळे प्राणी मोजतात कसे, असा प्रश्न तुला पडला असेल. हल्ली झाडाला कॅमेरा बांधतात. समोरून ऊबदार अंगाचं काही हललं की तो स्वतःच फोटो काढतो. बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची फुलं प्रत्येकाची वेगळी असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. फोटो जुळवले की कोण कोण आलं ते कळतं. २०१५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात असेच ३५ बिबटे मोजले होते.

पण मला जास्त आवडते ती जुनी पद्धत. वैशाखातली बुद्धपौर्णिमा! रानातले ओढे तेव्हा आटलेले असतात. पाणी उरतं ते मोजक्या पाणवठ्यांवर. प्राण्यांना तिथे यावंच लागतं. आणि आकाशात चंद्र अख्खा! मग वनखात्याची माणसं आणि निसर्गप्रेमी झाडावरच्या मचाणावर चढतात आणि रात्रभर न बोलता बसतात. आपल्या जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही अशी गणना होते. अत्तर लावायचं नाही, खोकायचं नाही, डास चावला तरी फटका मारायचा नाही! एखादं साळिंदर काट्यांची खुळखुळ करत येतं. रानडुकरं चिखलात लोळतात. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, आणि सगळे सावध होतात. केनियाच्या लॉजवाल्यांनी हेवा करावा अशी ती रात्र. वनखात्याच्या नियमांप्रमाणे मोठं झाल्यावर तुलाही तिथे बसता येईल. तोवर पाच मिनिटं न बोलता बसायचा सराव कर. वाटतं तितकं सोपं नाही बरं!

आणि आजच रात्री काय करता येईल? टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर बांध. रात्रीच्या बऱ्याच प्राण्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही, म्हणून ते बिचकत नाहीत. गॅलरीतला दिवा बंद कर. आजी किंवा बाबांना शेजारी बसव. दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावू लागतील आणि कान उघडतील. जे दिसेल, जे ऐकू येईल ते वहीत लिही: तारीख, वेळ, जागा, कोण. ओळखता आलं नाही तर चित्र काढ. महिनाभरात तुझ्या इमारतीची रात्रपाळीची हजेरी तयार होईल, आणि ती पुस्तकात कुठेच छापलेली नसेल!

पावसाळ्यात मात्र एकट्याने गवतात शिरायचं नाही. घोणस हा विषारी सापही रात्रपाळीलाच असतो. घरट्यातलं पिल्लू, पोटमाळ्यावरची कांडेचोराची बाळं उचलायची नाहीत. त्यांची आई कामावर गेलेली असते, पहाटे येते. आणि बिबट्या दिसला किंवा जखमी प्राणी सापडला, तर मोबाइल घेऊन मागे धावायचं नाही. गर्दी झाली की प्राणी घाबरतो, आणि घाबरलेला प्राणीच चावतो. घरातल्या मोठ्यांना सांग आणि वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ला फोन लावायला लाव. नंबर पाठ करून ठेव: १९२६.